खोडदची रेडिओ दुर्बीण

ताऱ्यांचा प्रकाश आपणांस दिसतो. परंतु आकाशातून रेडिओ लहरीही अखंड येत असतात, हे डोळ्यांना कळत नाही. आकाशगंगेकडून येणाऱ्या अशा लहरींचा शोध कार्ल यान्स्की या अमेरिकन अभियंत्याने १९३३ मध्ये जाहीर केला. त्यातूनच रेडिओ खगोलशास्त्र जन्मास आले.

रेडिओ दुर्बीण इतकी प्रचंड का असावी लागते? हायड्रोजन वायूची रेडिओ लहर २१ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे प्रकाशलहरीच्या सुमारे चार लक्ष पट असते. लहर जितकी लांब, तितके चित्र पुसट. म्हणून १० सेंटिमीटर व्यासाच्या साध्या दुर्बिणीइतके रेखीव चित्र मिळवावयाचे, तर रेडिओ दुर्बीण ४० किलोमीटर रुंद हवी!

एवढी तबकडी कोण उभारणार? यावर दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग एकाच विशाल तबकडीचा. चीनमधील २०१६ साली पूर्ण झालेली तबकडी ५०० मीटर व्यासाची आहे. ती अतिशय क्षीण लहरी टिपते, म्हणून तिला शेकडो नवे स्पंदक तारे सापडले. मात्र ती दरीत बसविलेली असल्याने माथ्यापासून सुमारे ४० अंशांपलीकडचे आकाश तिला दिसत नाही. दुसरा मार्ग अनेक तबकड्या दूर दूर मांडून त्यांचे संदेश एकत्र जुळविण्याचा. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत अशा २७ तबकड्या रुळांवरून हलविता येतात.

आपल्या देशाने हाच दुसरा मार्ग धरला. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळील खोडद येथे, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी १४ मध्यभागी असून १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर आहेत. त्यांचा विस्तार सुमारे २५ किलोमीटर होय. भरीव पत्र्याऐवजी येथे तारांची जाळी ताणली आहे. जाळीची छिद्रे लहरीच्या लांबीहून पुष्कळ लहान असली, की लहरीला ती भिंतच वाटते. शिवाय वारा छिद्रांतून निघून जातो. त्यामुळे वजन घटले आणि खर्चही वाचला.

लांब लहरी टिपणे हे खोडदचे सामर्थ्य. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकांची हायड्रोजन लहर वाटेत ताणली जाते. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एका शोधात ती ४८ सेंटिमीटरपर्यंत ताणलेली आढळली. तिचा प्रवास सुमारे ८८० कोटी वर्षांचा होता! मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम केले, म्हणूनच ती टिपता आली.

तेव्हा सर्वांत मोठी दुर्बीण कोणती, यापेक्षा कोणत्या प्रश्नास कोणती दुर्बीण योग्य, हे पाहणे अधिक शहाणपणाचे. या सर्वच दुर्बिणींना एक गोष्ट मात्र सारखीच हवी, ती म्हणजे शांतता. मोबाईल व विजेच्या यंत्रांच्या लहरींपुढे ताऱ्यांचा संदेश लोपून जातो.

खोडद आणि आपले आदिलाबाद ही दोन्ही ठिकाणे १९ ते २० अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहेत. म्हणजे त्या तबकड्या जे आकाश न्याहाळतात, जवळजवळ तेच आपल्याही माथ्यावरून रोज सरकत असते.