रोहूच्या खाद्यात लसूण

रोहू-कटल्याच्या अंगावर व्रण पाडणारा एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू तळ्यात एरवीही असतोच. गर्दी झाली, ऑक्सिजन घटला, मासा खचला की तो उचल खातो. माशाची मुख्य भिस्त उपजत प्रतिकारशक्तीवर. रोहूवरील प्रयोगांत खाद्यातून लसूण दिल्यावर जंतू गिळणाऱ्या पेशी अधिक सक्रिय झाल्या, मरही घटली. प्रमाण किलोभर खाद्याला ५ ते १० ग्रॅम. लसूण ठेचल्यावरच त्यात अ‍ॅलिसिन हे गुणकारी द्रव्य तयार होते आणि उष्णतेने ते नासते. म्हणून पेंड-कोंडा शिजवला असेल, तर तो थंड झाल्यावरच ठेचलेला लसूण मिसळावा. हळद, तुळसही वापरतात. मात्र ही आजारापूर्वीची तयारी आहे. मासे मरू लागले, तर आधी पाणी तपासून सुधारा आणि मत्स्यतज्ज्ञाला दाखवा. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक मुळीच नको. त्यावर बंदी आहे.