राखणदारांना आवरणाऱ्या पेशी

गोंदिया जिल्हा हा धानाचा मुलूख आहे. येथील शेतकरी बांधीत पाणी साठवून धानाची रोवणी करतो. तूर मात्र तो बांधीत पेरीत नाही. ती उंच धुऱ्यावर लावतो. कारण जे साचलेले पाणी धानाला पोसते, तेच तुरीची मुळे कुजविते. म्हणून, 'शेतात पाणी साचले, हे चांगले की वाईट?' असे कोणी विचारले, तर जाणता शेतकरी आधी विचारील, 'पीक कोणते?' आपल्या शरीरातील काही पेशींविषयीही डॉक्टरांना असाच प्रश्न विचारावा लागतो. त्या पेशींची ओळख आपण या पाठात करून घेऊ.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, हे तुम्हांस ठाऊक आहेच. त्यांपैकी टी-पेशी या शरीराच्या राखणदार होत. रोगजंतूंनी ग्रासलेल्या पेशी ओळखून त्या त्यांचा नाश करतात. रानडुकरांपासून धान राखण्यासाठी रात्री मचाणावर बसणाऱ्या राखणदारासारखे त्यांचे काम असते. परंतु त्या राखणदाराने अंधारात धन्याच्याच बैलांवर दगड भिरकावले तर? टी-पेशींच्या हातूनही कधीकधी असे घडते. त्या आपल्याच निरोगी अवयवांवर चालून जातात. लहान मुलांत आढळणारा मधुमेहाचा प्रकार अशाच हल्ल्यातून उद्भवतो.

मग हे संकट सर्वांवरच का येत नाही? जपानमधील शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी-पेशी तेथे परिपक्व होतात. उंदराच्या पिलांची ही ग्रंथी जन्मानंतर तीन दिवसांनी काढून टाकली, तर त्यांचे शरीर स्वतःवरच उलटत असे. परंतु निरोगी उंदरांच्या टी-पेशी टोचल्या असता ती पिले वाचत. यावरून साकागुची यांनी ताडले, की टी-पेशींतच काही पेशी इतरांना आवरणाऱ्या असल्या पाहिजेत. १९९५ साली त्यांनी अशा पेशींचा वर्ग दाखवून दिला. या पेशींना 'नियामक टी-पेशी' म्हणतात. २००१ साली अमेरिकेत मेरी ब्रंकाऊ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी 'फॉक्सपी-३' या जनुकाचा शोध लावला. नियामक पेशी घडण्यास हे जनुक आवश्यक असते, असे पुढे सिद्ध झाले. या कार्याबद्दल तिघांना २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु आवर घालणारा नको तेथे आवर घालू लागला तर काय होईल? कर्करोगाच्या गाठीवर टी-पेशी चालून जातात, तेव्हा नियामक पेशी त्यांनाही रोखतात. त्यामुळे रोगाचे फावते. स्त्रियांच्या बीजकोषाच्या कर्करोगात ज्यांच्या गाठीत नियामक पेशी अधिक, त्या रुग्ण कमी काळ जगतात, असे २००४ साली दिसून आले. तेव्हा या पेशींची मोठी संख्या हे सर्वच कर्करोगांत अशुभ लक्षण असावे, असे कोणासही वाटले असते.

तथापि लिंफोमा या रोगाने वेगळेच उत्तर दिले. आपल्या मानेत, काखेत व जांघेत लसिका ग्रंथी असतात. त्या पांढऱ्या पेशींच्या जणू चौक्याच होत. या पांढऱ्या पेशींपैकीच काही बेसुमार वाढू लागल्या, म्हणजे लिंफोमा होतो. म्हणजे येथे राखणदारांच्या जमातीतलाच एक जण बंडखोर झालेला असतो. स्पेनमधील बार्सिलोना येथील संशोधकांनी या रोगाच्या एका प्रकाराच्या ९७ रुग्णांच्या ग्रंथी तपासल्या व आपले निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. ज्यांच्या ग्रंथीत नियामक पेशींचे प्रमाण शेकडा १० हून अधिक होते, त्यांपैकी शेकडा सुमारे ८० रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात होते. ज्यांच्यात ते प्रमाण शेकडा ५ हून कमी होते, त्यांच्यापैकी केवळ निम्मे हयात होते. असे का व्हावे? नियामक पेशी त्या बंडखोर पेशींनाच आवर घालीत असाव्यात, असे अनुमान आहे. पुढील अभ्यासांत असेही दिसले, की या पेशी ग्रंथीत कोठे बसल्या आहेत, यालाही महत्त्व असते. म्हणजे पीक कोणते, हे जसे पाहावे लागते, तसेच पाणी कोठे साचले, हेही!

ही परीक्षा करावयाची कशी? सुजलेल्या ग्रंथीचा लहानसा तुकडा काढतात, त्याचे अत्यंत पातळ काप करतात, व फॉक्सपी-३ असलेल्या पेशी तेवढ्या रंगतील असे द्रव्य त्यांवर घालतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजता येतात. मात्र केवळ या मोजणीवर डॉक्टर विसंबत नाहीत. रुग्णाचे वय, रोगाचा पसारा, रक्तातील हिमोग्लोबिन, या सर्वांचा विचार करून ते रोगाच्या पुढील वाटचालीचा अंदाज बांधतात. तो अंदाज शंभर रुग्णांविषयी काही सांगतो. एका रुग्णाचे भविष्य तो ठरवीत नाही.

उपचारांतही प्रगती होत आहे. मुंबईत १९४१ साली स्थापन झालेले टाटा स्मारक रुग्णालय आणि पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्या सहकार्याने एक उपचार तयार झाला. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना रोग ओळखण्यास समर्थ करून पुन्हा शरीरात सोडतात. काही प्रकारच्या लिंफोमासाठी त्याला २०२३ साली भारतात परवानगी मिळाली.

मुलांनो, घसा दुखला की मानेतील ग्रंथी सुजते आणि बहुधा थोड्याच दिवसांत ओसरते. त्यात भिण्यासारखे काही नसते. परंतु न दुखणारी गाठ कित्येक आठवडे तशीच राहिली किंवा वाढत गेली, तर ती लपवू नका. घरच्या वडीलधाऱ्यांना सांगून डॉक्टरांना दाखवा. गोंदियात २०१६ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रोग लवकर ओळखला गेला, तर उपचारास पुरेसा अवधी मिळतो.