श्रीमती दुर्गाबाई खोटे

धानाची कापणी व मळणी आटोपली म्हणजे आपल्या झाडीपट्टींत नाटकांचे दिवस सुरू होतात. दिघोरी, लाखांदूर, साकोली या भागांत गांवोगांव मंडप पडतात आणि लहानथोर मंडळी रात्र जागून नाटक पाहतात. या नाटकांतून आज स्त्रिया काम करतात, यांत कोणास नवल वाटत नाहीं. परंतु आपल्याच दंडारींत पूर्वीं स्त्रीचा वेष पुरुष घेत असे, ही गोष्ट वडील मंडळींस ठाऊक आहे. पुरुषाच्या अंगावरील लुगडें जाऊन त्या जागीं प्रत्यक्ष स्त्री उभी राहिली, हा पालट आपोआप झालेला नाहीं. त्यासाठीं कोणाला तरी प्रथम लोकनिंदा सोसावी लागली. ज्या स्त्रियांनीं ती सोसली, त्यांत श्रीमती दुर्गाबाई खोटे यांचें स्थान मोठें आहे. त्यांच्या जीवनाचा व कार्याचा अल्प परिचय करून देणें हा या लेखाचा हेतु आहे.

त्या काळची परिस्थिति प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला, तेव्हां तारामतीच्या भूमिकेसाठीं त्यांस कोणी स्त्री मिळाली नाहीं. अखेर अण्णा साळुंके नांवाच्या पुरुषानें ती भूमिका वठविली. पुढें 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं काम केलें, आणि पडद्यावर स्त्री दिसूं लागली. तथापि प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या घरांतील सुशिक्षित स्त्रीनें या व्यवसायांत पाऊल टाकणें ही गोष्ट त्यानंतरही पुष्कळ वर्षें लाजिरवाणी समजली जात असे. नटीची कला लोकांस हवी होती, परंतु नटीस घरांत मान द्यावयास ते तयार नव्हते.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजीं मुंबईंतील लाड कुटुंबांत झाला. माहेरचें त्यांचें नांव विटा असें होतें. त्यांचें शालेय शिक्षण कॅथीड्रल हायस्कूलमध्यें व पुढील शिक्षण सेंट झेवियर्स कॉलेजांत झालें. म्हणजे आपल्यासारख्याच मिशनरी संस्थेच्या वर्गांत बसून त्या शिकल्या होत्या. त्यांचा विवाह खोटे या सधन घराण्यांतील विश्वनाथ यांच्याशीं झाला व बकुल आणि हरीन असे दोन पुत्र त्यांस झाले. परंतु हें वैभव टिकलें नाहीं. सासरची आर्थिक स्थिति ढासळली, आणि ऐन तारुण्यांत वैधव्यही वांट्यास आलें. दोन लहान मुलें सांभाळावयाचीं आणि कोणापुढें हात पसरावयाचा नाहीं, असा त्यांचा बाणा होता. शिक्षण हेंच काय तें त्यांच्यापाशीं भांडवल होतें.

बोलपटाचें युग भारतांत १९३१ सालीं सुरू झालें. त्याच वर्षीं मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रपटांत दुर्गाबाईंनीं एक लहानसें काम केलें. चित्रपट सामान्य निघाला. खोट्यांची सून व लाडांची लेक अशा चित्रांत दिसली, म्हणून आप्तांत व समाजांत टीकेचें मोहोळ उठलें. एखादी हळवी व्यक्ति असती तर तेवढ्यानेंच खचून घरीं बसली असती.

परंतु कोल्हापूरच्या 'प्रभात' कंपनीचे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनीं त्यांस आपल्या पहिल्या बोलपटासाठीं बोलाविलें. हा बोलपट म्हणजे 'अयोध्येचा राजा', आणि भूमिका तारामतीचीच! एकोणीस वर्षांपूर्वीं जी भूमिका करावयास एकही स्त्री पुढें आली नव्हती, ती आतां कॉलेजांत शिकलेल्या एका गृहिणीनें स्वीकारली. गोविंदराव टेंबे हे हरिश्चंद्र झाले होते. चित्रपट १९३२ सालीं मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत प्रसिद्ध झाला. त्या वेळीं एकानें गावें व दुसऱ्यानें नुसते ओंठ हालवावे, ही सोय निघाली नव्हती. नटानटींस कॅमेऱ्यापुढें अभिनय करतांनाच स्वतःच्या गळ्यानें गावें लागे. मध्येंच चूक झाली तर तो प्रसंग पुनः आरंभापासून चित्रित करावा लागे. अशा कसोटीस दुर्गाबाई उतरल्या. राज्य गमावलेली, दासीपणा पत्करलेली व पुत्रासाठीं तळमळणारी राणी त्यांनीं अशी उभी केली कीं, काल नांवें ठेवणारेच लोक आज त्यांची वाहवा करूं लागले.

त्या काळीं बहुतेक नट एखाद्याच कंपनीचे पगारी नोकर असत. दुर्गाबाईंनीं मात्र निरनिराळ्या कंपन्यांकडे काम करण्याचें स्वातंत्र्य राखलें. 'प्रभात'च्या 'माया मच्छिंद्र' नंतर त्या कलकत्त्यास गेल्या व तेथें न्यू थिएटर्सच्या 'राजराणी मीरा' (१९३३) व ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता' (१९३४) या चित्रपटांत चमकल्या. 'सीता' हा चित्रपट इटलींतील व्हेनिस येथील महोत्सवांतही दाखविला गेला. १९३६ सालीं 'प्रभात'च्या 'अमरज्योति' मध्यें त्यांनीं सौदामिनीची भूमिका केली. अन्यायानें चिडून चांचेगिरी पत्करणारी ही स्त्री त्या वेळच्या प्रेक्षकांस सर्वस्वीं नवीन होती. पुढल्याच वर्षीं 'साथी' या चित्रपटाची निर्मिति करून त्यांनीं निर्मातीचेंही काम अंगावर घेतलें.

नायिकेच्या भूमिका सोडून वयाला साजेशीं कामें स्वीकारणें हें अनेक नटींस जड जातें. दुर्गाबाईंस तें गेलें नाहीं. आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी' (१९४१) या चित्रपटांत त्यांनीं सुनेस छळणारी सासू रंगविली, तेव्हां त्यांनीं चाळिशीही गांठली नव्हती. रंगभूमीवरही त्यांनीं मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून कामें केलीं. 'भाऊबंदकी' मधील त्यांची आनंदीबाई रसिकांच्या दीर्घकाळ स्मरणांत राहिली. १९५८ सालीं त्यांस संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'मुघल-ए-आझम' (१९६०) मध्यें पति व पुत्र यांच्या कलहांत सांपडलेली जोधाबाई त्यांनींच साकारली. १९६८ सालीं त्यांस पद्मश्री ही पदवी मिळाली, 'बिदाई' (१९७४) मधील मातेच्या भूमिकेस फिल्मफेअर पारितोषिक मिळालें, आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांस अर्पण करण्यांत आला. ज्या फाळक्यांस तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नांवाचा हा सन्मान एका तारामतीस लाभला, हें किती उचित झालें!

उतारवयांतही त्या स्वस्थ बसल्या नाहींत. जाहिरातपट व माहितीपट काढणारी संस्था त्यांनीं चालविली. दूरदर्शन घरोघर पोहोंचूं लागलें, तेव्हां त्या नव्या माध्यमाकडेही त्यांनीं परकेपणानें पाहिलें नाहीं. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेंतून निघालेली व कुंदन शहा यांनीं दिग्दर्शित केलेली 'वागळे की दुनिया' ही १९८८ सालची मालिका दुर्गाबाईंच्याच संस्थेची होय. ना चमत्कार, ना थाटमाट. एका सामान्य कारकुनाच्या संसारांतील लहानसहान अडचणी तिच्यांत होत्या, आणि म्हणूनच ती देशभर आवडली. त्या वेळीं दुर्गाबाईंचें वय ऐंशींच्या पुढें होतें.

त्यांचें खाजगी आयुष्य सुखाचें होतें असें नव्हे. पुत्र हरीन यांचा अकालीं मृत्यु त्यांस पाहावा लागला. आपल्या आयुष्यांतील हीं सुखदुःखें त्यांनीं 'मी, दुर्गा खोटे' या आत्मचरित्रांत मोकळेपणानें सांगितलीं आहेत. २२ सप्टेंबर १९९१ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, दुर्गाबाई मोठ्या नटी होत्या एवढेंच ध्यानांत ठेवून भागणार नाहीं. प्रामाणिक कष्टानें मिळविलेली भाकर कोणत्याही व्यवसायाची असो, तिच्यांत लाज नाहीं, हें त्यांनीं आपल्या साठ वर्षांच्या कामानें दाखवून दिलें. यंदाच्या हंगामांत आपल्या गांवच्या मंडपांत एखादी मुलगी तारामती किंवा अन्य कोणी होऊन उभी राहील. तिचें काम चांगलें झालें तर टाळ्या वाजवूं, वाईट झालें तर तसेंही म्हणूं. परंतु ती रंगमंचावर आली म्हणून मागें कुजबूज करणाऱ्यांत आपण तरी नसावें. मंडप मोडल्यावर परगांवाहून आलेली ती मुलगी आपल्याच दारीं तांब्याभर पाणी मागावयास येईल. त्या वेळीं आपल्या आयाबहिणींस जो मान आपण देतों, तोच तिला द्यावा.