कायटोसनचे औषधवाही कण : ते टिकतात केव्हां आणि बिघडतात केव्हां

दूध फाटतें हें प्रत्येक शेतकऱ्याच्या नित्य पाहण्यांतलें आहे. ताज्या दुधांतील केसीनचे सूक्ष्म कण ऋण विद्युद्भार बाळगून असतात, म्हणून ते एकमेकांस दूर सारतात. लिंबू पिळलें कीं तो भार नाहींसा होतो, कण एकमेकांस बिलगतात आणि दूध फाटतें. औषध शरीरांत इष्ट स्थळीं पोंचविण्यासाठीं ज्या कायटोसनच्या कणांचा अभ्यास चालू आहे, त्यांचें टिकणें व बिघडणें बहुतांशीं याच नियमावर अवलंबून आहे.

कायटोसनचें मूळ कोळंबी व खेंकडे यांच्या कवचांत आहे. कवचांतील चुना अम्लानें व प्रथिनें सौम्य कॉस्टिक सोड्यानें काढलीं म्हणजे कायटिन उरतें. तें तीव्र कॉस्टिक सोड्यांत तापविलें कीं कायटोसन बनतें. तें साध्या पाण्यांत विरघळत नाहीं. विरल असेटिक अम्लांत मात्र विरघळतें व त्याच्या लांब साखळ्यांवर धन भार येतो. या द्रावणांत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट घातलें कीं त्याचा ऋण भार त्या साखळ्यांस ठिकठिकाणीं बांधतो, जेलचे सूक्ष्म कण तयार होतात आणि औषध त्यांत अडकून राहतें. स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला येथील संशोधकांनीं १९९७ सालीं या रीतीनें केलेले अतिसूक्ष्म कण प्रसिद्ध केले. या कृतीस उष्णता किंवा जहाल द्रावक लागत नाहीं. म्हणून प्रथिनांसारख्या नाजूक औषधांस ती सोयीची ठरते.

परंतु जी गांठ सहज बसते ती सहज सुटतेही. ही गांठ केवळ विद्युत्-आकर्षणाची असल्यामुळें तिला तीन गोष्टी बाधतात.

पहिली, तीव्र अम्ल. जठरांतील रसाचा सामू १ ते २ च्या आसपास असतो. तेथें फॉस्फेटचा ऋण भार बराच कमी होतो, कण फुगतात व विरतात, आणि औषध वेळेपूर्वींच बाहेर पडतें.

दुसरी, अल्कता. सामू सुमारें ६·५ च्या वर गेला कीं कायटोसनचा धन भार घटत जातो. मग कण एकमेकांस दूर सारीत नाहींत. ते गोळा होऊन तळाशीं बसतात. रक्ताचा सामू सुमारें ७·४ आहे, हें येथें ध्यानांत घ्यावें.

तिसरी, क्षार. मीठ विरघळल्यावर त्याचे भारयुक्त अंश साखळी व फॉस्फेट यांच्यामध्यें शिरून त्यांचें आकर्षण दुबळें करतात. रक्तासारख्या क्षारतेच्या, म्हणजे ०·९ टक्के मिठाच्या पाण्यांत स्वच्छ पाण्यांतील कणांचा टिकाऊपणा राहीलच असें नाहीं.

साठवणीचाही प्रश्न आहे. उष्णतेंत कण लवकर बिघडतात, म्हणून ते थंड जागीं ठेवतात, किंवा ट्रेहॅलोजसारखी शर्करा घालून गोठवितात व निर्वातांत सुकवितात. ग्लुटाराल्डिहाइडनें साखळ्या पक्क्या सांधतां येतात; परंतु तें द्रव्य स्वतःच विषारी असल्यामुळें औषधाच्या कामीं तें जपूनच योजावें लागतें.

याचा शेतीशीं काय संबंध, असें कोणी विचारील. कीटकनाशकें व पोषक द्रव्यें पिकांस हळूहळू मिळावींत म्हणून याच कणांचे प्रयोग झालेले आहेत. आपल्या पुष्कळ विहिरींचें पाणी जड, क्षारयुक्त व ७ च्या वर सामू असलेलें असतें. म्हणजे वर सांगितलेल्या तिन्हींपैकीं दोन शत्रू आपल्या पिंपांतच बसलेले असतात. बाटलींत एकसारखें दुधाळ दिसणारें द्रावण अशा पाण्यांत पडतांच फुटूं शकतें, आणि द्रव्यासाठीं मोजलेले पैसे पिंपाच्या तळाशीं राहतात.

म्हणून असें कोणतेंही द्रव्य घेतांना तें किती दिवस टिकतें एवढेंच न विचारतां, कोणत्या पाण्यांत व किती सामूवर टिकतें, हें विचारावें. शिवाय सर्व पिंप भरण्यापूर्वीं कांचेच्या पेल्यांत आपल्याच विहिरीचें पाणी घेऊन, त्यांत तें सांगितलेल्या प्रमाणांत मिसळून तासभर पाहावें. गुठळ्या दिसल्यास किंवा तळाशीं बसलेला गाळ ढवळूनही पुन्हां एकजीव होत नसल्यास तें पाणी त्या द्रव्यास योग्य नाहीं असें समजावें.