महिलांच्या बहुटप्पी सायकल शर्यतीतील संघकार्य

व्यावसायिक महिला सायकलपटूंच्या अनेक दिवस चालणाऱ्या रस्त्यावरील शर्यतीत एका संघातील खेळाडूंनी संघनायिकेच्या यशासाठी परस्परांना केलेले नियोजनबद्ध साहाय्य. अशा शर्यतीत रोज एक टप्पा पार करावयाचा असतो. प्रत्येक स्पर्धकास लागलेल्या वेळांची बेरीज करून जिचा एकूण वेळ सर्वांत कमी भरतो, ती विजयी ठरते. विजेतेपद एकीच्या नावावर नोंदले जात असले, तरी ते मिळविण्याचे कार्य संपूर्ण संघाचे असते. वैयक्तिक निकाल आणि सामुदायिक श्रम यांची ही सांगड हे या क्रीडाप्रकाराचे मुख्य वैशिष्ट्य होय.

वायुरोध व संघरचना : संघकार्याचे मूळ हवेच्या रोधात आहे. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्ची पडते. दुसरीच्या मागे अगदी निकट राहून सायकल चालविल्यास तेवढ्याच वेगासाठी साधारणपणे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश शक्ती वाचते. मोठ्या घोळक्याच्या आत ही बचत आणखी वाढते. त्यामुळे सहकारी पुढे राहून वारा झेलतात आणि नायिकेची शक्ती निर्णायक क्षणासाठी राखून ठेवतात. तीव्र चढावर वेग कमी झाल्याने हा लाभ घटतो; तेथे नायिकेस बव्हंशी स्वतःच्या बळावर विसंबावे लागते. वारा बाजूने वाहत असल्यास संघ रस्त्यावर तिरकी रांग धरतो. या रांगेत जागा न मिळालेल्या स्पर्धक मागे पडून घोळका फुटतो आणि डोंगर नसतानाही मिनिटांचे अंतर पडू शकते.

संघातील कामांची वाटणी खेळाडूंच्या गुणांनुसार होते. चढात निपुण असलेल्या सहकारी डोंगराच्या पायथ्यापर्यंत व त्याहीपुढे नायिकेस साथ देतात. सपाट रस्त्यावर दीर्घकाळ वेग राखणाऱ्या खेळाडू पुढे निसटलेल्या स्पर्धकांचा पाठलाग करतात. टप्प्याच्या शेवटी वेगवान झेप घेणारीस तिच्या सहकारी क्रमाक्रमाने वेग वाढवीत अंतिम रेषेच्या जवळ आणून सोडतात. मागे चालणाऱ्या संघाच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या व खाद्यपदार्थ आणणे, नायिकेची सायकल बिघडल्यास आपले चाक किंवा प्रसंगी आपली सायकल देणे, अपघातानंतर तिला पुन्हा घोळक्यात आणणे, ही कामेही त्यांचीच असतात. एखादी सहकारी मुद्दाम निसटून पुढे जाते. तिला पकडण्याचा भार प्रतिस्पर्धी संघांवर पडतो आणि तिच्या स्वतःच्या संघास विश्रांती मिळते.

साहाय्यक खेळाडूस फ्रेंच भाषेत ‘दोमेस्तिक’ म्हणजे घरगडी म्हणतात. ‘तूर द फ्रान्स’ या पुरुषांच्या शर्यतीचे प्रवर्तक आंरी देग्रांज यांनी १९११ मध्ये एका स्पर्धकास हिणविण्यासाठी तो शब्द योजला होता; पुढे तो मान्य संज्ञा बनला. विजेतीने बक्षिसाची रक्कम सहकाऱ्यांत वाटून देण्याचा प्रघात या श्रमांची दखल घेतो.

ऐतिहासिक आढावा : फ्रान्समध्ये १९५५ साली महिलांची एक बहुटप्पी शर्यत झाली; ती ब्रिटनच्या मिली रॉबिन्सन हिने जिंकली. १९८४ पासून १९८९ पर्यंत पुरुषांच्या तूरबरोबरच महिलांचीही तूर भरविण्यात आली. पहिल्या वर्षी अमेरिकेची मेरिअ‍ॅन मार्टिन, नंतर दोनदा इटलीची मारिया कानिन्स आणि अखेरची तीन वर्षे फ्रान्सची जानी लोंगो विजयी झाली. इटलीतील महिलांची शर्यत १९८८ मध्ये सुरू झाली. ‘तूर द फ्रान्स फाम’ या नावाने फ्रान्समधील शर्यत २०२२ मध्ये आठ टप्प्यांची म्हणून पुन्हा सुरू झाली व नेदर्लंड्सची आनमीक व्हान व्ह्लूटेन तिची पहिली विजेती ठरली.

संघकार्याच्या विकासास आर्थिक बाजूही आहे. उपजीविकेसाठी दुसरी नोकरी करणाऱ्या खेळाडूस दुसरीच्या विजयासाठी वर्षभर राबणे कठीण असते. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २०२० मध्ये सर्वोच्च श्रेणीच्या महिला संघांसाठी किमान वेतन लागू केले. ते प्रारंभी वर्षास १५,००० यूरो होते. साहाय्यकाचे काम हा स्वतंत्र व्यवसाय होण्यास त्यामुळे आधार मिळाला.

२०२४ ची तूर : संघकार्याचे मोल व त्याच्या मर्यादा या शर्यतीत ठळकपणे दिसून आल्या. प्रत्येक संघात सात खेळाडू होत्या. पुरुषांच्या तूरमधील आठांच्या संघापेक्षा हा संघ लहान असल्याने दोघी-तिघी थकल्या, की नायिका लवकर एकाकी पडते. रॉटरडॅम येथील घड्याळी टप्पा जिंकून नेदर्लंड्सच्या देमी व्हॉलरिंग हिने आघाडीची निदर्शक पिवळी जर्सी मिळविली. पाचव्या टप्प्यात आम्नेव्हीलचा शेवट सुमारे ६ किमी. वर असताना ती पडली. अखेरच्या ३ किमी.त पडणारीस घोळक्याचा वेळ देण्याचा नियम येथे लागू नव्हता. तिने पावणेदोन मिनिटांहून काहीसा अधिक वेळ गमावला. तो टप्पा तिचीच सहकारी, हंगेरीची ब्लांका व्हॉश हिने जिंकला. नायिकेस सावरण्यासाठी संघाने पुरेशा खेळाडू मागे ठेवल्या नाहीत, अशी टीका त्यावर झाली. एका टप्प्याचा विजय आणि संपूर्ण शर्यत यांतील हितसंबंध कसे भिन्न असू शकतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

पिवळी जर्सी पोलंडच्या काताझिना न्येव्ह्यादोमा हिच्याकडे गेली. अखेरच्या टप्प्यास प्रारंभ झाला तेव्हा व्हॉलरिंग १ मिनिट १५ सेकंद मागे होती. ग्लांदों घाटात तिने चढाई केली; तिच्याबरोबर फक्त नेदर्लंड्सचीच, पण दुसऱ्या संघातील पाउलिना रोयाकर्स टिकली. दोन घाटांमधील दरीत वारा झेलण्याचा भार मुख्यत्वे व्हॉलरिंगवरच पडला. आल्प द्युएझच्या माथ्यावर तिने टप्पा जिंकला, न्येव्ह्यादोमाला १ मिनिट १ सेकंदाने मागे टाकले आणि १० सेकंदांची सवलत मिळविली. तरीही एकूण वेळेत ती ४ सेकंदांनी मागेच राहिली. पुरुषांच्या तूरमधील १९८९ चा ८ सेकंदांचा विक्रमी फरकही यापेक्षा अधिक होता. न्येव्ह्यादोमाने एकही टप्पा जिंकला नव्हता, तर व्हॉलरिंगने दोन जिंकले होते.

अशा शर्यतीच्या निकालपत्रात स्थान व वेळ यांचीच नोंद असते. सहकारी कोठे थांबली, कोणी किती काळ वारा झेलला, याची नसते. निकालाचा अर्थ समजण्यासाठी मात्र या न नोंदलेल्या श्रमांचा विचार अपरिहार्य ठरतो.