वाकायला न लावणारी बाग

निवृत्तीनंतर निवांत बाग करू, असं म्हणता म्हणता नोकरीची वर्षं सरतात. बाग होतेही. मग तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात कधीतरी लक्षात येतं, की बागेतला बराचसा वेळ नळीचा पीळ सोडवण्यात आणि कमरेवर हात ठेवून उभं राहण्यात जातोय. पुण्यात आमच्या रो-हाउसच्या मागे २० बाय १५ फुटांचं अंगण आहे. चाळीसेक कुंड्या, मधोमध लॉनचा तुकडा आणि शहाबादी फरशीची पायवाट असा तिथला पसारा होता. तो आवरता घ्यायचं ठरलं, तेव्हा सगळे करतात तेच मीही केलं. नर्सरीत गेलो आणि म्हणालो, ‘कमी निगेची झाडं दाखवा.’ कोरफड आली, स्नेक प्लांट आला, चार निवडुंगही आले. झाडं बदलली, कामं मात्र तीच राहिली.

मग आठ दिवस वही घातली. बागेत काय करतो, किती वेळ करतो, कितीदा वाकतो, ते टिपत गेलो. पाणी घालण्यात रोज पाऊण तास. लॉनमधलं तण उकिडवं बसून उपटणं. कुंड्या सरकवून खालचा कचरा काढणं. माती-खताची पोती इकडून तिकडे नेणं. छाटणी, फुलं खुडणं, पानं उलटून कीड बघणं ही खरी बागकामं दिवसाला जेमतेम दहा मिनिटांची निघाली. आमच्या अंगणाचा आराखडा या वहीतूनच निघाला: गोडीची कामं ठेवायची आणि वाकणं, उचलणं, वाहून नेणं यांना कात्री लावायची.

सुरुवात पायाखालून करावी, हे मी मनगट मोडून शिकलो. आमची शहाबादी जुलै उजाडेपर्यंत हिरवी व्हायची. अशाच एका सकाळी दोरीवरचा पंचा काढायला गेलो आणि चप्पल सटकली. सहा आठवडे प्लास्टर. शहाबादी हा चुनखडीचा दगड. वर्षानुवर्षांच्या वापराने तो गुळगुळीत होतो, आणि सावलीत पाणी थबकलं की त्यावर शेवाळ धरतं. त्यामुळे फरशी नवी घालताना दोन गोष्टी पाहायच्या. पहिली ढाळ: घराकडून बाहेरच्या बाजूला, दर १० फुटांना सव्वा ते दीड इंच. एवढा उतार डोळ्यांना जाणवत नाही, खुर्चीही कलंडत नाही, पाणी मात्र थांबत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पोत. आमचा मिस्त्री म्हणाला, “काका, पॉलिश मारून देऊ ना? आरशासारखं दिसंल.” मला आरसाच नको होता. खडबडीत बाजू वर ठेवायला लावली. दुकानात फरशी निवडताना तुकड्यावर पाणी ओतायचं आणि ओली चप्पल दाबून घासून बघायची. दुकानदार हसतो, हसू द्यावं.

मागच्या दाराला ६ इंचांची पायरी होती. तिच्याजागी उतार केला. उतार सोसवेल असा हवा तर १ इंच चढायला १२ इंच लांबी धरतात, म्हणजे ६ इंचांना ६ फूट. एका बाजूला हाताला कठडा. पायवाट ३ फूट रुंद ठेवली. आज वॉकर लागत नाही, पण उद्या लागला तर फरशी पुन्हा उखडायला नको.

बसायची जागा ठरवताना आर्किटेक्ट मंडळी ‘पॅटिओ’ म्हणतात. आपल्याकडे तिला पडवी होती, ओटा होता. गोव्यातल्या जुन्या घरांचा बल्कांव पाहिला असेल तर वेगळं सांगायला नको: वर छप्पर, समोरासमोर बांधलेले कट्टे, रस्त्यावरून जाणाऱ्याशी बोलता येईल असा. यातलं छप्पर महत्त्वाचं. एप्रिल-मेच्या उन्हात आणि पावसाच्या झडीत उघड्या जागेवरची सुंदर खुर्ची फक्त पुसायचं काम वाढवते. आम्ही दाराला लागून ८ फूट रुंद पन्हाळी पत्र्याची पडवी काढली आणि तिथे हात असलेल्या खुर्च्या ठेवल्या. हात हवेतच. उठताना त्यांच्यावरच भार जातो.

आता वाफे. उंच वाफ्याची कल्पना परदेशी पुस्तकांतून आल्यासारखी सांगितली जाते, पण तुळशीवृंदावन आणखी काय आहे? कमरेच्या उंचीवर माती, खाली पाणी निचरायला वाट, भोवती फिरायला जागा. उभ्याने काम करायचं तर वाफा सुमारे ३० इंच उंच हवा. बसून करायचं तर १८ इंच पुरतात. अशा वाफ्याच्या कडेवर १० इंचांचा कडप्पा बसवला की तीच बैठक होते. रुंदीचं गणित हाताच्या लांबीवर चालतं. एकाच बाजूने हात पोचणार असेल तर २ फूट, दोन्ही बाजूंनी पोचणार असेल तर ४ फूट. त्याहून रुंद केला की मधल्या झाडापर्यंत पोचायला पुन्हा कसरत आलीच.

बांधताना दोन चुका हमखास होतात. घराच्या भिंतीलाच वाफा टेकवला की वर्षभरात आतल्या खोलीत ओल उतरते, म्हणून मध्ये फूटभर फट सोडावी. दुसरी चूक म्हणजे तळाला भोकं न ठेवणं. दर दोन-तीन फुटांवर पीव्हीसी पाइपचा तुकडा बाहेरच्या बाजूला किंचित कलता बसवला, की पावसाळ्यात मुळं कुजत नाहीत. खालचा अर्धा भाग नारळाच्या शेंड्या, वाळकी पानं आणि काटक्यांनी भरला की माती कमी लागते. हे सगळं कुजून खाली बसतं, त्यामुळे दर वर्षी वरून चार-सहा इंच भर टाकावी लागते. गच्चीवर असले वाफे करायच्या आधी मात्र इंजिनिअरला विचाराच. वावरायच्या गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो, आणि फूटभर ओल्या मातीचं वजन तेवढ्याच जागेत ५०० किलोच्या आसपास जातं.

पाण्याचा हिशेब मांडला तेव्हा लॉनचा निकाल लागला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवळीतून दिवसाला सहा मिलिमीटरच्या आसपास पाणी उडतं. म्हणजे १०० चौरस फुटांच्या, सव्वानऊ चौरस मीटरच्या तुकड्याला रोज पन्नास-पंचावन्न लिटर. वर कापणी वेगळी. लॉन काढलं तेव्हा नातवंडं हळहळली, मी नाही.

ठिबकची जुळणी दिसते तेवढी अवघड नाही. नळाला टायमर, त्यापुढे जाळीचा फिल्टर, मग १६ मिलिमीटरची काळी नळी, तिच्यातून प्रत्येक झाडाला बारीक नळी आणि टोकाला ड्रिपर. ताशी दोन लिटरचा ड्रिपर अर्धा तास चालला की झाडाला एक लिटर मिळतं. टाकी जितकी उंच तितका दाब. दर १० मीटर उंचीला सुमारे एक बार मिळतो, त्यामुळे दुमजली घरावरच्या टाकीचा दाब बहुतेक वेळा पुरतो. दाब कमी लागणारा टायमर मात्र मागून घ्यावा. खरी डोकेदुखी बोअरच्या जड पाण्याची. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली धरते आणि एखादं झाड गुपचूप तहानलेलं राहतं. महिन्यातून एकदा नळीच्या शेवटचं टोपण काढून पाणी जोरात सोडायचं आणि चोंदलेले ड्रिपर रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकायचे. हे काम खुर्चीत बसून होतं.

उघडी माती दिसली की तण आलंच, म्हणून पाला, उसाचं पाचट, नारळाची सोडणं यांचं दोन-तीन इंच आच्छादन टाकलं. उजेड न मिळाल्याने बरंचसं बी रुजतच नाही आणि ओलही टिकते. खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडायची, नाहीतर खोड कुजतं. लव्हाळा या आच्छादनाला दाद देत नाही. त्याच्या मातीतल्या गाठी वेचूनच काढाव्या लागतात. गाजरगवत कोपऱ्यात दिसलं तर फुलायच्या आत उपटावं, तेही हातमोजे घालूनच, कारण अनेकांच्या अंगाला त्याने खाज सुटते.

४० कुंड्यांच्या ११ मोठ्या कुंड्या केल्या. लहान कुंडी उन्हाळ्यात दिवसभरात सुकते, अठरा इंची कुंडी दोन दिवस दम धरते. खालच्या बशा काढून टाकल्या. डेंग्यूचा डास त्यातल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो.

आणि झाडं? ती शेवटी. कढीपत्ता, गवती चहा, पानओवा, तगर, कलमी सोनचाफा. जास्वंद हवी तर मिलीबगसकट घ्यायची तयारी हवी. अनंताला आमचं जड पाणी मानवलं नाही, पानं पिवळी पडत गेली. बोगनवेल कमी पाण्यात जास्त फुलते, पण काट्यांमुळे तिला पायवाटेपासून लांब, कुंपणाकडे जागा दिली. कण्हेर विषारी, म्हणून नातवंडांसाठी वगळली.

मोगरा मात्र वहीच्या हिशेबात कुठेच बसत नव्हता. त्याला जानेवारीत छाटायचं, काही दिवस पाणी तोडायचं, पानं उतरवायची, मग खत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं. टायमरला यातलं काही समजत नाही. मी तो काढायचं सुचवलं तेव्हा हिने माझ्याकडे फक्त पाहिलं. उंच वाफ्याच्या टोकाला, कडप्प्याच्या बैठकीशेजारी त्याला जागा मिळाली, आणि त्याचा ड्रिपर तेवढा हिने स्वतःच्या हाताने बंद करून टाकला.