परड्यातली पाहुण्यांची खोली : पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात



गळीत हंगाम संपतो, शेवटच्या गाड्या काट्यावरून जातात आणि मग सभासदाला घराकडे बघायला जरा उसंत मिळते. खोडव्याचे खत-पाणी, लावणीची भरणी ही कामे असतातच. पण छपरावर माणूस चढवायचा तर एप्रिल-मे हे दोनच महिने हाताशी असतात. म्हणून या वेळी शेताचा विषय बाजूला ठेवून घरामागच्या परड्यातल्या खोलीविषयी लिहीत आहोत. पश्चिम भागातल्या सभासदांनी हे जरूर वाचावे.

अशी खोली आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. पूर्वी तिथे वैरण असे. पुढे सोप्यात जागा पुरेना, म्हणून भिंतींना गिलावा केला, खाट टाकली, विजेचा दिवा घेतला आणि ती पाहुण्यांची खोली झाली. राहत्या घरात रोज चूल पेटते, माणसे वावरतात, कुठे गळाले तर त्याच रात्री कळते. परड्यातली खोली आठ-आठ दिवस कुलपात. तिथले गळणे कळते ते पाहुणा आल्यावर. आणि पावणं-रावळं येतं कधी? लेक पंचमीला येते, गौरी-गणपतीला येते. म्हणजे तरणा आणि म्हातारा असे दोन्ही पाऊस भिंतीत मुरल्यावर, भिंत सर्वांत कमजोर झालेली असताना आपण तिथे लेकी-नातवंडांची अंथरुणे घालतो. गळक्या छपराने गादी भिजली तर ती वाळवता येते. मातीची ओली भिंत रात्री बसली तर काय होते, हे २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पडलेली घरे पाहिलेल्यांना सांगायला नको.

आधी पाण्याचा हिशेब करू. शिरोळकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर त्याच जिल्ह्यात गगनबावड्याकडे पाच हजारांच्या आसपास. खोली बारा बाय पंधरा फुटांची आणि पावळ्या चारी बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर धरल्या, तर छपराखालची जागा सुमारे २८ चौरस मीटर होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे पाच हजार मिलिमीटरला एक लाख चाळीस हजार लिटर! दहा हजार लिटरचे चौदा टँकर. त्यातले निम्मे पुढच्या पाखीवरून, निम्मे मागच्या पाखीवरून, भिंतीपासून दोन फुटांवर पडते. छपरातून घरात येणारे पाणी त्यामानाने थेंबभर. तरी माणूस छप्पर बघतो आणि भिंतीचा तळ बघत नाही.

त्यात परड्याची जमीन दरवर्षी चढत असते. चुलीची राख, शेणकूट, झाडलोट, बांधकामाची उरलेली माती असे सगळे तिथेच पडते. दहा-पंधरा वर्षांत जोते जमिनीत जाते आणि खोली खड्ड्यात येते. तेव्हा मे महिन्यात पहिले काम कुदळ-फावड्याचे. भिंतीभोवतीची माती खरवडून जोत्याचा दगड निदान फूटभर उघडा करावा, जमिनीला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा आणि पागोळ्या पडतात त्या रेषेवर वीतभर खोल चर काढून त्यात खडी भरावी. काहीजण तिथे शहाबादी फरशी बसवतात. दिसायला छान, पण फरशीवरून पाणी उसळते आणि उलट भिंतीवर जाते. खडीत थेंब फुटतो आणि जिरतो. चराचे तोंड मात्र उताराला, गटारीकडे किंवा ओढ्याकडे काढून द्यायला विसरू नये.

आता छप्पर. वळवाचा पहिला पाऊस ही फुकटची तपासणी समजावी. पाऊस सुरू असताना खोलीत जावे आणि ओल दिसेल तिथे वाशावर खडूने खूण करावी. दुसऱ्या दिवशी दुपारी दार-खिडकी लावून अंधारात वर बघावे. उजेडाचा ठिपका दिसतो तिथले कौल फुटले आहे किंवा सरकले आहे. लक्षात ठेवा, पाणी वाशावरून धावत येते, त्यामुळे ठिबकते एकीकडे आणि शिरते वरच्या अंगाला. कोन्यांचा चुना-सिमेंट सुटला असेल तर तोही याच वेळी भरून घ्यावा. शेवाळ ब्रशने काढावे, विशेषतः कौलांच्या खाचांतले, कारण खाच तुंबली की पाणी आडवे फिरते. मंगलोरी कौलांबद्दल एक गोष्ट. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे अनेक कारखाने निघाले. प्रत्येकाच्या साच्यात थोडा फरक. म्हणून एका छापाचे कौल दुसऱ्या छापात नीट बसत नाही. कौल उलटे करून छाप वाचावा आणि मगच जोड शोधावी.

पत्र्याचे छप्पर असेल तर जे-हुकाचे वायसर बदलावेत. पत्रा उडू नये म्हणून वर धोंडे ठेवायची पद्धत वाईट. वावटळीत धोंडाच खाली येतो. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये, फळी टाकून चढावे.

भिंतीबाबत आमचे मत थोडे कडक आहे. कच्च्या विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत रंग देऊ नये. मातीची भिंत पावसाळ्यात ओल धरणारच. ती ओल उघडीप मिळाली की बाहेर गेली पाहिजे. सिमेंटने ती आत कोंडते. बाहेरून भिंत चांगली दिसते, आतली माती मऊ होत जाते आणि मग गिलाव्याचा पापुद्रा परातीएवढा सुटून येतो. मातीला मातीचा गिलावा, वर चुन्याचे दोन-तीन पातळ हात. चुना आदल्या रात्री भिजवावा. खर्च थोडा आणि बुरशीही कमी धरते. झडीच्या बाजूला पाचटाचा तट्ट्या बांधावा. पाचटाला आपल्याकडे तोटा नाही! मात्र तो जमिनीपासून हातभर वर असावा, नाहीतर वाळवीला शिडीच मिळते.

भिंत धोक्याची झाली हे कसे ओळखावे? वळचणीला ओळंबा सोडावा, दोरी व भिंत यांतले अंतर वर, मध्ये आणि खाली मोजून खडूने तिथेच लिहावे. आठ दिवसांनी पुन्हा मोजावे. मध्ये अंतर कमी झाले तर भिंतीला पोट सुटते आहे. दाराचेही बघावे. पावसात लाकूड फुगून सगळीच दारे अडतात, ते चालते. घरातली बाकीची दारे नीट लागतात आणि या खोलीचे एकच दार वरच्या कोपऱ्यात अडते, तर चौकट हलली आहे. तळाची माती भुगा होऊन पडू लागली, कोपऱ्यात नवी चीर दिसली, तर त्या रात्रीपासून तिथे कोणी झोपायचे नाही. पाहुण्यांना सोप्यात दाटीवाटीने घालावे; कोणी रागावत नाही. बाहेरून लाकडी टेकू द्यावा. पूर उतरल्यावर, ऊन पडल्यावरही भिंती पडतात, हे विसरून लगेच आत जाऊ नये.

विजेचे काम वायरमनकडूनच. घरातून खोलीकडे नेलेली वायर पत्र्याला घासते का, आणि कपडे वाळत घालायची तार त्याच पत्र्याला बांधली आहे का, हे बघावे. बाईमाणूस ओले कपडे घेऊन तारेला हात लावते आणि घात होतो. तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधावी, अर्थिंग तपासावे आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवावा.

भिंतीला लागून विटा, लाकडे, पाचटाचा ढीग नको. तिथे उंदीर येतो, मागोमाग मण्यार. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा दंशाची खूणही नीट दिसत नाही. पाहुण्यांचे अंथरूण जमिनीवर न घालता खाटेवर घालावे, मच्छरदाणी गादीखाली खोचावी. चावल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठावा.

पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा खोलीचे दार-खिडकी तासभर उघडी टाकावी. गाद्या-गोधड्या तिथे न ठेवता पाणी तापवायच्या चुलीवरच्या माळ्यावर ठेवाव्यात. धुराचा वास येतो, पण बुरशी येत नाही. खाट भिंतीपासून वीतभर लांब ओढावी. पंचमीच्या आधी आठ दिवस खोली उघडून एक रात्र घरच्याच कोणीतरी तिथे झोपून बघावे.

हस्ताचा पाऊस सरला की भिंत वाळू द्यावी. गिलाव्याची दुरुस्ती तेव्हा, ओल असताना नाही. पुढे चिटबॉयचा तोडीचा निरोप आला की कुणालाच सवड नसते, म्हणून फुटक्या कौलांची मोजदाद दिवाळीच्या आतच करून ठेवावी. गावात जुनी घरे उतरून स्लॅब टाकण्याचे काम दिवाळीनंतर निघते आणि कौले स्वस्तात जातात. आपल्या छापाची वीस-पंचवीस कौले तेव्हाच उचलून खोलीच्या आडोशाला उभी लावून ठेवावीत. मात्र भिंतीपासून दोन हात लांब.